कांदा अनुदानाचे उरलेले पैसे अडकलेत, मदत हवी आहे

राम राम मंडळी. आम्ही मोहोळ तालुक्यातले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर मार्केट यार्डात लाल कांदा घातला. भाव कसला, हमाली-तोलाई-भाडं जाऊन पिशवीचेही पैसे निघेनात. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एकाला ५१२ किलोंचे २ रुपये मिळाले होते, आठवत असेल.

नंतर सरकारने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, जाहीर केले. आमचा कांदा ११८ क्विंटल, म्हणजे ४१,३०० रुपये. विक्रीची पट्टी (पावती) माझ्या नावावर, सातबारा वडिलांच्या, म्हणून शपथपत्र करून त्यांचं खातं दिलं. पहिला हप्ता १०,००० आला. पुढचा यायच्या आधी वडील गेले आणि बँकेने खातं बंद केलं.

आता वारस नोंद झालीय, फेरफारही मंजूर आहे. पण एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवतात. अडत्याच्या पट्टीची शाईसुद्धा उडत चालली, झेरॉक्स तेवढी काढून ठेवलीय.

असं कुणाचं झालंय का? अर्ज नेमका बाजार समितीत द्यायचा की सहकार खात्याच्या निबंधकाकडे? आईचं खातं चालेल का, की सगळ्या वारसांचं संमतीपत्र लागतं? पैसे मिळालेल्यांनी कागदपत्रं सांगितली तर उपकार होतील.