मदत हवी आहे: प्रार्थना करून वचन वाचल्यावर मनात आलेला अर्थ प्रभूने दिलेला की आपलाच, हे कसे ओळखावे?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी डिचोलीत राहते आणि गेली २२ वर्षे एका लहान पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचे काम करते. माझे माहेर कोल्हापूरकडचे. गोव्यात आल्यावर आजूबाजूची प्रार्थना कोंकणीतून कानी पडू लागली, तरी माझे पहाटेचे बायबलवाचन मराठीतच राहिले. वाचायला बसण्यापूर्वी ११९ व्या स्तोत्रातील अठराव्या वचनाप्रमाणे ‘प्रभू, माझे डोळे उघड’ एवढे मागावे, ही सवय आईने लावली आणि ती आजवर मोडलेली नाही.

सध्या मी लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभीच अडले आहे. धन्याची मालमत्ता उडवल्याचा ठपका आलेला कारभारी, काम जाणार हे कळताच, धन्याच्या ऋणकऱ्यांना एकेक करून बोलावतो, तेलाच्या कर्जखतावर शंभराचे पन्नास आणि गव्हाच्या कर्जखतावर शंभराचे ऐंशी लिहायला लावतो, आणि तरीही धनी त्याची वाहवा करतो. आमच्या खतावणीत कोणी असा आकडा फिरवला असता, तर मी त्याच दिवशी संचालक मंडळाला कळवले असते. म्हणून हा दृष्टान्त माझ्यासाठी नुसते कोडे नाही, तो मनाला लागतो.

तीन आठवडे मी या एकाच उताऱ्यासाठी प्रार्थना केली. मग एका पहाटे एकाएकी मनात आले, की धाकट्या भावाने घराच्या छपरासाठी माझ्याकडून घेतलेले चाळीस हजार रुपये मी सोडून द्यावेत, आणि त्या विचारासरशी फार शांत वाटले. दुपारपर्यंत मात्र शंका आली. त्या पैशांवरून आमच्यात दोन वर्षे अबोला आहे आणि तो मिटावा, अशी माझी इच्छा पूर्वीपासूनच होती. मग मला जे उमगले ते प्रार्थनेचे उत्तर होते, की माझ्याच इच्छेने वचनाचा आधार शोधला?

घरगुती प्रार्थनासभेत मी हे सांगितले आणि एखादे भाष्य, म्हणजे वचनाचा अर्थ उलगडणारे पुस्तक, वाचावे का, असे विचारले, तेव्हा एक वडीलधारे बंधू म्हणाले, की ज्याने पवित्र आत्म्याकडे मागितले त्याने भाष्य उघडणे हा अविश्वास आहे. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाकडे मागावे, असे याकोबाच्या पत्रात आहे, हे मला मान्य आहे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात, रथात बसून यशया वाचणाऱ्या कूश देशाच्या अधिकाऱ्याला कोणी समजावल्यावाचून अर्थ कळला नाही, आणि देवाने तो अर्थ परस्पर त्याच्या मनात न घालता फिलिप्पाला त्या वाटेवर पाठवले. दानीएलही यिर्मयाच्या लेखातील सत्तर वर्षांची गोष्ट आधी ग्रंथांतून समजून घेतो आणि मग उपास करून प्रार्थनेला बसतो. हे सारे मला त्या सभेत सुचले नाही, याचे वाईट वाटते.

ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे: प्रार्थनेनंतर सुचलेला अर्थ तुम्ही कशावर पारखून घेता?

प्रतिसाद

ताई, मी साष्टीतला कॅथलिक, निवृत्त मराठी शिक्षक. आमच्याकडे वचन प्रार्थनापूर्वक वाचण्याची जुनी रीत आहे आणि बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग निवांत ध्यान. यात प्रार्थना तिसरी येते, हे मला महत्त्वाचे वाटते. आरंभी आत्म्याला हाक मारावीच, पण पुढे आधी मजकूर काय म्हणतो ते नीट ऐकावे आणि त्याला उत्तर म्हणून पुन्हा प्रार्थना करावी. तुमच्या बाबतीत मननाची पायरी थोडी घाईत गेली असावी, असे मला नम्रपणे वाटते.

आठवे वचन पाहा. धनी कारभाऱ्याच्या प्रामाणिकपणाची नव्हे, तर त्याच्या धोरणीपणाची वाहवा करतो, आणि त्याला अन्यायी म्हणायलाही तेच वचन कचरत नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात धाकटा मुलगा संपत्ती उधळतो. तिथे आणि इथे मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच आहे, म्हणून दोन्ही अध्याय सलग वाचावेत. हे मला एका भाष्यातूनच कळले आणि त्याने माझी प्रार्थना उणी झाली नाही. आपल्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचले आणि आरंभ देवाला नमन करून केला. पण त्याआधी त्यांना इथली भाषा माणसांकडूनच शिकावी लागली होती.

भावाचे पैसे सोडावेत की नाही, हे या दृष्टान्तावर टांगून ठेवू नका. क्षमेविषयी वचनात इतरत्र पुष्कळ आणि स्पष्ट लिहिलेले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, मनापासून आभार. आज पहाटे पंधरावा आणि सोळावा अध्याय सलग वाचले. धाकटा मुलगा परत येतो तिथे बराच वेळ थांबले. भावाला आज संध्याकाळी फोन करणार आहे. पैशांचा विषय मी काढणार नाही. नववे वचन मात्र अजून उलगडलेले नाही. अन्यायाच्या धनाने आपल्यासाठी मित्र जोडा, असे प्रभू म्हणतो, तिथे मित्र म्हणजे कोण? यावर मराठीत सोप्या भाषेतले एखादे भाष्य आपल्या पाहण्यात असेल, तर कृपया कळवावे.