प्रति: डोक्यात जागा संपते म्हणून विसरतो?

'नवं भरलं की जुनं बाहेर पडतं' हे वर लिहिलंय, ते अर्धंच पटलं. अडचण जागेची नाही, आठवण्याच्या क्रियेचीच आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल अँडरसन आणि ब्योर्क दांपत्याने १९९४ मध्ये हे दाखवलं. समजा, पाठ केलेल्या फळांच्या यादीतलं संत्रं पुन्हा पुन्हा आठवायला लावलं, तर त्याच यादीतलं केळं मागे पडतं. पाठ करून पुढे ज्या दुसऱ्या यादीला हातच लावला नाही, तिच्यातल्या शब्दांपेक्षाही जास्त. नुसतं परत वाचून असं सहसा होत नाही.

आमच्या नागपुरी मित्रमंडळीत तर्री-पोह्यांवर मारबतीच्या मिरवणुकीचा तोच किस्सा दरवर्षी निघतो. त्या दिवसाचं बाकी काही विचारा, सगळे एकमेकांकडे पाहतात. सांगणाराच नव्हे, ऐकणाराही न सांगितलेलं विसरतो, असं २००७ च्या एका अभ्यासात दिसलंय.