मदत हवी आहे: प्लेटवर झोन येतो, मांसाच्या कापांवर लिस्टेरिया मजेत (अल्जिनेटचे मणी)

नमस्कार मंडळी. मांसावरचा लिस्टेरिया (अन्नातून आजार पसरवणारा जंतू) दुसऱ्या जंतूच्या मदतीने रोखायचा माझा प्रकल्प तीन आठवडे एकाच जागी अडलाय.

लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम या लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जंतूचा (2020 च्या आधी शिकलेल्यांसाठी: लॅक्टोबॅसिलस) एक स्ट्रेन 2 टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) मिसळून, सिरिंजने 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडून मणी केले. साधारण 3 मिमीचे. शिजवलेल्या मांसाच्या कापांवर आधी लिस्टेरिया लावायचा, वर मणी पसरायचे, हवा काढून पिशवी 4 अंशाला. (रोग करणारी जात मोनोसायटोजेनिस हाताळायची परवानगी नाही, म्हणून त्याचा निरुपद्रवी भाऊबंद इनोक्युआ.) मण्यांच्या आडोशाला जंतू टिकतील आणि हळूहळू बॅक्टेरिओसिन (इतर जंतूंना मारणारी प्रथिनं) सोडत राहतील, असा हिशेब होता.

एमआरएस अगारवर (लॅक्टिक जंतू वाढवायचं माध्यम) 37 अंशाला मोकळ्या पेशींभोवतीही झोन (लिस्टेरिया न वाढलेलं कडं), मण्यांभोवतीही झोन. खूश होते. कापांवर मात्र दहाव्या दिवशी मणी घातलेल्या आणि न घातलेल्या पिशव्यांत लिस्टेरियाची मोजणी जवळपास सारखीच. शिवाय मणी सलाइनमध्ये चुरून प्लेट केले, तर प्लँटारम पहिल्याच दिवशी दोन लॉग (म्हणजे शंभरपट) कमी.

गाईड म्हणतात, मण्यांना कायटोसनचा लेप दे. मला वाटतं आतलं बाहेर येत नाहीये, त्यात अजून एक भिंत कशाला? की माझंच कुठे चुकतंय?

पेट्रीडिश: दोन लॉगचं आधी बघा. सलाइनमध्ये चुरून मणी नीट फुटत नाहीत. एका तुकड्यात हजारो पेशी असल्या तरी कॉलनी एकच दिसते. सोडियम सायट्रेटच्या द्रावणात हलवत ठेवा. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळतात. मग मोजा. बहुतेक जंतू मेलेलेच नाहीत.

जुनाजंतू: आणि याच कारणाने तुमच्या मण्यांच्या झोनवर माझा विश्वास नाही. एमआरएसमध्ये सायट्रेटही असतं, फॉस्फेटही. मणी तिथे ढिले पडतात, पेशी बाहेर येऊन वाढतात. म्हणजे तो झोनही मोकळ्या पेशींचाच असू शकतो. त्यातून एमआरएसमध्ये लिटरला 20 ग्रॅम ग्लुकोज! एवढ्या साखरेवर कुठलाही लॅक्टिक जंतू आम्ल करून झोन देईल. जंतू वाढवलेल्या द्रवाचा सामू (पीएच) 6.5 वर आणून परत लावा. तरी झोन राहिला, तर थोड्या द्रवात प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं विकर) घालून बघा. त्याने झोन गेला, तरच बॅक्टेरिओसिन म्हणा. मांसात साखर नावाला असते, तिथे आम्लाचा आधार मिळणार नाही.

थंडडोकं: मला खरी अडचण तापमानाची वाटते. प्लेट 37 ला, पिशवी 4 ला. लिस्टेरिया फ्रिजमध्येही वाढतो, प्लँटारम तिथे जवळपास झोपलेला असतो. न वाढणारा जंतू बॅक्टेरिओसिन तरी किती करणार? मांसासाठी कार्नोबॅक्टेरियम माल्टारोमॅटिकम किंवा ल्युकोनोस्टॉक कार्नोसम वापरतात ते याचसाठी, थंडीत ते वाढतात. लेपाबद्दल तुमची शंका रास्त आहे. बॅक्टेरिओसिन बहुधा धनभारित असतात, अल्जिनेट ऋणभारित, त्यामुळे काही माल आतच चिकटून बसतो. आणि 3 मिमीच्या मण्यांमध्ये मोकळी जागा केवढी! लिस्टेरिया तिथे आरामात वाढेल. इमल्शन पद्धतीने (तेलात बारीक थेंब पाडून) बारीक मणी करा, थर सलग बसेल.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. सायट्रेटमध्ये विरघळवून मोजलं, दोन्ही लॉग परत आले (इतके दिवस मी मण्यांनाच दोष देत होते). सामू 6.5 केल्यावर झोन बराच आक्रसला, पण एक बारीक कडं राहिलं. ते प्रोटीएजने गेलं. म्हणजे बॅक्टेरिओसिन आहे, पण तुटपुंजं. आता प्रश्न एवढाच: कार्नोबॅक्टेरियम घेतला तर तो 4 अंशाला मण्यांच्या आतच वाढून मणी फोडेल का? कुणी करून पाहिलंय?