पुणे वाढले, रत्नागिरी घटली: या आकड्यांवरून स्थलांतर कसे वाचावे?

प्रश्न – भूगोलशिक्षिका, कोथरूड

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. 2001 ते 2011 या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 72.3 लाखांवरून 94.3 लाखांवर गेली, तर रत्नागिरीची 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्गातून हमखास उत्तर येते, ‘कोकणातली माणसे पुण्यात आली.’ हा निष्कर्ष घाईचा आहे असे मला वाटते, पण तो कशाच्या आधारे तपासावा हे मुलांना नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – मूळचा दापोलीचा, हल्ली वारजे

मॅडम, आपली शंका रास्त आहे. रत्नागिरीत त्या दहा वर्षांत मुले जन्मली नाहीत असे नाही. जन्म आणि मृत्यू यांतून जी भर पडली, तिच्यापेक्षा जिल्हा सोडून गेलेल्यांची संख्या मोठी ठरली, एवढेच ती घट सांगते. कोण गेले याचा माग लिंग गुणोत्तरात लागतो. 2011 मध्ये तिथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, मात्र शून्य ते सहा वयोगटात मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या. म्हणजे कमावत्या वयाचे पुरुष बाहेर होते.

ते प्रामुख्याने मुंबईकडे गेले, आणि ही वाट गिरण्यांच्या काळापासूनची आहे. परंतु त्याच दशकात खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला. परळ-लालबागच्या चाळीतले बिऱ्हाड डोंबिवलीला किंवा विरारला हलले आणि गावाहून नव्याने येणारा थेट तिथेच उतरू लागला. आमच्या वाडीतली कितीतरी घरे वर्षभर कुलूपबंद असतात, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, अंगण सारवले जाते, आठवड्याभरात पुन्हा कुलूप लागते. अशा घराचा मालक स्वतःला गावचाच समजतो. जनगणनेत मात्र तो ठाण्याचा असतो, आणि ते नियमाला धरूनच आहे.

उत्तर 2 – सांख्यिकीचा निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ

दोन वेळच्या लोकसंख्येतील फरकातून जन्म-मृत्यूंचा फरक वजा केला की निव्वळ स्थलांतर उरते. आले किती आणि गेले किती हे त्यातून वेगवेगळे कळत नाही. त्यासाठी जनगणनेचे ‘डी’ मालिकेतील तक्ते पाहावेत. त्यांत जन्मस्थान, शेवटचे वास्तव्य, स्थलांतराचे कारण आणि त्याला झालेला काळ यांची नोंद असते. मात्र डी-3 तक्त्यात मूळ ठिकाण ‘याच जिल्ह्यात अन्यत्र’, ‘राज्यातील इतर जिल्हे’ आणि ‘इतर राज्ये’ अशा गटांत येते, त्यामुळे रत्नागिरीहून पुण्यात किती आले हे त्यावरून सांगता येणार नाही.

कारणांचा रकाना विद्यार्थ्यांकडून अवश्य वाचून घ्यावा. स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण विवाह असते; मुळशीची मुलगी मावळात नांदायला गेली तरी ती स्थलांतरितच. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रिवाजामुळे पुण्याच्या रुग्णालयात जन्मून महिन्याभराने भोरला गेलेले मूलही जन्मस्थानानुसार स्थलांतरित ठरते. एकूण आकडा पाहून ‘एवढे लोक पोटासाठी बाहेर पडले’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

शहराची तुलना करताना हद्दही पाहावी. पुणे महापालिकेची लोकसंख्या 1991 मध्ये 15.7 लाख आणि 2001 मध्ये 25.4 लाख होती, पण मध्यंतरी, 1997 मध्ये, भोवतीची अनेक गावे हद्दीत आली. त्या गावांतली माणसे आपल्या घरातच होती, हद्द त्यांच्यापर्यंत पोहोचली.

उत्तर 3 – ऊस उत्पादक शेतकरी, शिरूर

वरील दोन्ही उत्तरांत एक मोठा वर्ग राहून गेला, तो ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कोयती, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यांच्या पट्ट्यात येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्याबरोबर लहान मुले असतात, बैल असतात, पाचटाच्या कोप्या (झोपड्या) असतात. एका शिवारातला ऊस संपला की टोळी पुढे सरकते.

2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन हंगामात. त्या पूर्ण काळात जो आपल्या घरी नव्हता, त्याची मोजणी जिथे सापडेल तिथे करावी असा नियम होता. नियमाप्रमाणे गाळप हंगामातला मजूर आमच्याकडे मोजला जायला हवा. आणि प्रगणक उसाच्या फडापर्यंत पोहोचला नाही, तर हा मजूर ना बीडमध्ये मोजला जातो ना पुण्यात. पुढची गणनाही फेब्रुवारी 2027 मध्येच ठरलेली आहे. प्रगणक बहुधा शिक्षकच असतात, म्हणून मॅडमना विनंती आहे की आपल्या ओळखीतल्या ग्रामीण भागातील शिक्षकांना कोप्यांची यादी आधीच कारखान्याच्या शेतकी विभागाकडून घेऊन ठेवायला सांगावे. कोणती टोळी कोणत्या गटात आहे, हे तिथल्या स्लिप बॉयला, म्हणजे तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, रोज माहीत असते.