मदत हवी आहे: एमिली काम उंग्वारे यांची चित्रं बघायची आहेत

नमस्कार मंडळी, डिसेंबरात मेलबर्नला बहिणीकडे जातेय. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या, युटोपिया भागातल्या या थोर आदिवासी चित्रकर्तीने मला अक्षरशः वेड लावलंय. कॅनव्हास हाती घेतला तेव्हा बाईंनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती! त्याआधी बाटिक, आणि त्याच्याही आधीपासून स्त्रियांच्या विधींत अंगावर काढायचे पट्टे. १९९६ साली गेल्या, तोवर जेमतेम आठ वर्षांत हजारो चित्रं काढली. विषय एकच: अल्हलकेरे, त्यांची वडिलोपार्जित भूमी. तिथले कंद, बिया, एमू, सगळं त्यात आलं.

१९९५चं ‘बिग याम ड्रीमिंग’ सुमारे ३ बाय ८ मीटरचं आहे. काळ्यावर पांढऱ्या रेघा, जमिनीखाली कंदाची मुळं एकमेकांत गुंतत जावीत तशा. मोबाइलवर त्यातलं काय कळणार?

हे चित्र मेलबर्नच्याच नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात आहे. सध्या ते भिंतीवर लावलंय का, तिथल्या कुणी पाहिलंय का? शिवाय मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाच्या बाजूला आजच्या एखाद्या आदिवासी चित्रकाराचं छोटं चित्र घ्यायचं झालं, तर पैसे खरोखर चित्रकारापर्यंत पोचतात याची खात्री कशी करायची? स्वतः घेतलेलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.