'अ‍ॅट हिज एक्सपेन्स'ला मराठीत काय म्हणाल?

आळशी अनुवादक: एका कथेचं भाषांतर करतोय. मूळ वाक्य साधंच आहे: 'दे हॅड अ लाफ अ‍ॅट हिज एक्सपेन्स.' घाईत 'त्याच्या खर्चाने ते हसले' लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, 'म्हणजे हसण्याचं बिल त्याने भरलं?' आता 'त्याला हसले' केलंय, पण त्याला बसलेली झळ त्यात येत नाही. सुचवा.

टिंबटिंब: 'त्याची टर उडवली.' संपला विषय.

आळशी अनुवादक: टर मुद्दाम उडवतात हो. इथे विनोद झाला आणि हा बिचारा त्यात सापडला. शिवाय पुढच्याच पानावर 'स्पीड अ‍ॅट द एक्सपेन्स ऑफ अ‍ॅक्युरसी' आहे. तिथे टर कुणाची उडवू, अचूकतेची?

जुनी वही: 'च्या जिवावर' बघा. दुसऱ्याच्या जिवावर मजा मारतातच की लोक. अचूकतेचा मात्र बळी द्या.

टिंबटिंब: 'जिवावर' फसवं आहे. 'तुमच्या जिवावर निर्धास्त आहे' म्हणजे भरवसा, 'उठायचं जिवावर आलंय' म्हणजे कंटाळा.

काटेकोर: बळीबिळी नको, फार रक्त सांडतं. 'अचूकता खर्ची घालून वेग वाढवला' म्हणा. खरं तर 'खर्च'च परका, आपल्याकडे 'व्यय' आहे.

जुनी वही: आता 'अचूकता व्ययी घालून' म्हणून दाखवा! अरबीत 'खरज' म्हणजे बाहेर पडणं. कोर्टात अर्ज 'खारीज' होतो, तो याचाच भाऊ. 'व्यय' तरी काय? वि अधिक इ, निघून जाणं. दोन्हीकडे पैसा बाहेरच पडतो. 'एक्सपेन्स'च्या लॅटिन मुळात मात्र तोलून देणं आहे, तराजूत धातू घालून.

काटेकोर: मग शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला?

जुनी वही: घेतला, मान्य. तरी हिशेबाच्या वहीत 'जमाखर्च'च राहिला. त्यातला 'जमा'ही अरबीच.

टिंबटिंब: अरे, म्हणजे व्याकरणातलं 'अव्यय' ते हेच! लिंग, वचन, विभक्ती काही येवो, ज्याचं काही जात नाही ते. शाळेत नुसतं घोकलं.

उशिरा आलेला: 'महागात पडणे' कुणालाच आठवलं नाही? 'थट्टा त्याला महागात पडली.'

आळशी अनुवादक: अर्थ उलटा होतो. थट्टा महागात पडते ती करणाऱ्याला.

काटेकोर: 'महाग' मात्र अस्सल आपला. मूळ 'महार्घ'. बघा, संस्कृत चालतं ना?

जुनी वही: चालतं, कारण तुम्हीही 'महाग' म्हणता, 'महार्घ' नाही.

आळशी अनुवादक: उद्या पानं द्यायची आहेत. तूर्त 'हशा पिकला, पण हसं त्याचं झालं' असं लिहून टाकलंय. अचूकतेचं तसंच लटकलंय.

टिंबटिंब: हशा पिकतो, हसं होतं. एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी. असं का हो?

काटेकोर: त्यासाठी वेगळा धागा काढा.