वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला म्हणे!

रात्रपाळी: 'जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला फार जुन्या काळातल्या मोठाल्या दीर्घिका दिसल्या, म्हणजे महास्फोट झालाच नाही, नारळीकरच बरोबर होते.' ही पोस्ट आज तिसऱ्यांदा आली. सासऱ्यांकडून आली म्हणून तिथे गप्प बसलो, इथे बोलतो. त्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा लवकर वाढल्या, एवढंच. फार तर दीर्घिका घडण्याचं गणित हलेल. 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलने दीर्घिका दूर पळताना दाखवल्या, 1965 मध्ये पेन्झियस-विल्सन या शास्त्रज्ञांना सापडलेलं, विश्वाच्या तप्त सुरुवातीचं उरलेलं, सगळीकडून येणारं प्रारण जाहीर झालं. नारळीकरांची 'स्थिर स्थिती', म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही हा सिद्धांत, तिथेच संपली.

तांबडापांढरा: वाचून बोला राव. स्थिर स्थितीतही विश्व प्रसरणच पावतं, फक्त मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं. मग हबलचा दाखला कुणावर फेकताय? आणि 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच सिद्धांताची सुधारित आवृत्ती, अर्ध-स्थिर स्थिती, मांडली, ती सोयीस्कर गाळलीत. त्यात प्रारणाचंही उत्तर आहे.

रात्रपाळी: उत्तर म्हणजे त्या अवकाशात तरंगणाऱ्या लोखंडाच्या सुया ना? ताऱ्यांचा प्रकाश गिळून पुन्हा ओकणाऱ्या? कोबे उपग्रहाने त्या प्रारणाचा काढलेला आलेख बघा एकदा.

टिकलीवाल्या बाई: भांडणाचं मूळ 'महास्फोट' या शब्दात आहे. 'बिग बँग' म्हणाला तो हॉईलच, 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर. आपण त्याचा सुतळी बॉम्ब केला! आठवीची पोरं दरवर्षी विचारतात, "बाई, स्फोट नेमका कुठे झाला?" पूर्वी फुग्यावर पेनाने ठिपके काढायचे. फुगवला की ठिपकेही फुगतात, दीर्घिका काही तशा फुगत नाहीत. म्हणून आता टिकल्या चिकटवते. टिकली आहे तेवढीच राहते, दोघींमधलं अंतर वाढतं. गेल्या वर्षी फुगा फुटला आणि मागच्या बाकावरून आरोळी आली, "बाई, महास्फोट!"

अनुस्वार: शब्द चांगला रुळलाय, राहू द्या. इंग्रजी माध्यमवाल्यांनी मराठीची काळजी करू नये.

टिकलीवाल्या बाई: माझी शाळा जिल्हा परिषदेची आहे! फुगेसुद्धा मीच पदरचे आणते.

अनुस्वार: बरं, माध्यमाचं मागे घेतो. शब्दाचं नाही. पर्याय काय, 'महाफुगवटा'? हसतील लोक.

टिकलीवाल्या बाई: हसू देत. निदान स्फोटाची जागा तरी शोधणार नाहीत.

रात्रपाळी: धागा विश्वाचा होता, शब्दकोशाचा नाही.

तांबडापांढरा: विश्वाचंच बोलू. प्रसरणाचा वेग 67 की 73 (दर सुमारे 33 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर), यावर तुमच्याच लोकांचं जमत नाही!

रात्रपाळी: नाही जमत. पण दोन्ही आकडे प्रसरणाचेच आहेत. हबलचं मात्र तुमचं खरं, चुकलो. सासऱ्यांना पाठवायच्या मजकुरातून ते वाक्य काढतो. खूश?

तांबडापांढरा: अर्धा. सुयांवर नंतर भांडू. बाई, टिकल्या कुठल्या घेता? पोरीच्या प्रकल्पाला हव्यात.

टिकलीवाल्या बाई: अगदी बारीक, मरून. मोठ्या घेऊ नका, फुगवताना कडा सुटतात.